कोयता कोणाच्या हातात होता?

केज तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलं आहे. नावगाव काढून, थोडं आखडून देते.

"वकीलताई, नमस्कार. आम्ही नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जातो. माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये संध्याकाळी सव्वासातला अंबाजोगाई रोडवर बचत गटाचे हप्ते गोळा करणाऱ्या माणसाला दोघांनी मोटारसायकल आडवी लावून लुटलं. पिशवीत 86 हजार होते. अकरा दिवसांनी माझ्या भावाला उचललं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. घरातल्या पत्र्याच्या पेटीतून नऊ हजार काढून नेले, ते आईनं शेळ्या विकून ठेवले होते. दीड महिन्यानं जेलात ओळख परेड झाली. निकालात लिहिलंय की गाडी भाऊ चालवत होता, मागं बसलेल्यानं खाली उतरून कोयता दाखवला. अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयानं 392 आणि 397 खाली दोघांनाही सात वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार दंड दिला. केस चालू असताना तो जामिनावर होता, एकही तारीख चुकला नाही. आता हर्सूलच्या जेलात आहे. गावात म्हणतात, अपील केलं की शिक्षा वाढते. एक जण म्हणतो साडेतीन लाख द्या, वर ओळख आहे. फिर्यादीचा मामा म्हणतो पन्नास हजारात लिहून देतो. त्या रात्री भाऊ गोंधळाला होता, गावातली वीस माणसं सांगायला तयार आहेत. मुकादम उचल द्यायला तयार आहे, घेऊ का? आई योगेश्वरीला साकडं घालून बसली आहे. निकाल लागून 47 दिवस झाले."

ताई, तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य पहिल्या ओळीत हवं होतं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला 60 दिवस असतात. म्हणजे हातात तेरा राहिले. घाबरू नका, पण बसूनही राहू नका. निकालाची प्रमाणित नक्कल मागितली असेल तर अर्ज केल्यापासून ती मिळेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात. मुदत कोर्टाच्या सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील चालतं. त्याही पुढे गेलं तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडता येतो, आणि जेलात असलेल्या गरीब माणसाचा थोडा उशीर कोर्ट सहसा समजून घेतं. पण हे सगळं अडलेल्यासाठी. तुम्ही अजून अडलेल्या नाही.

निकालाची एक प्रत शिक्षा झालेल्या माणसाला त्याच दिवशी फुकट द्यावी लागते. ती भावाच्या हातात दिली असेल. बऱ्याचदा ती जेलात जाताना झडतीत बाजूला पडते, नाहीतर वकिलाच्या कारकुनाकडे राहते. आधी तिचा पत्ता लावा. 1978 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठानं स्पष्ट सांगून ठेवलं आहे की निकालाची प्रत कैद्याच्या हातात वेळेवर पडलीच पाहिजे, आणि अपिलासाठी त्याला वकील नसेल तर तो सरकारनं द्यायचा. त्या खटल्यातही कैद्याची तक्रार हीच होती, की प्रत त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

आणखी एक दार आहे, फार कमी लोकांना ठाऊक असलेलं. भाऊ हर्सूलमधूनच अपील करू शकतो. तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज दिला की पुढे कोर्टात पाठवण्याची जबाबदारी त्यांची. याला जेल अपील म्हणतात. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. तेरा दिवसांत बाकी काहीच जमलं नाही तर निदान एवढं करा. नंतर वकील आला की तो मुद्दे वाढवतो.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही चालता चालता लिहून गेलात तिच्याकडे येते. "गाडी भाऊ चालवत होता, मागं बसलेल्यानं खाली उतरून कोयता दाखवला." ताई, ही ओळ निकालात खरोखर अशीच असेल, तर तुमच्या भावाच्या सात वर्षांपैकी बरीचशी वर्षं याच ओळीवर टांगलेली आहेत.

गुन्हा घडला त्या 2022 साली लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं 392 कलम म्हणजे जबरी चोरी. त्याला जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि हमरस्त्यावर सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतच्या वेळात केली असेल तर चौदापर्यंत. पण कमीत कमी किती, याला काही बंधन नाही. न्यायाधीश एक वर्षही देऊ शकतात. 397 कलम वेगळं आहे. जबरी चोरी किंवा दरोडा घालताना प्राणघातक हत्यार वापरलं तर शिक्षा सात वर्षांच्या खाली आणताच येत नाही. न्यायाधीशांना दया आली तरी हात बांधलेले. तुमच्या भावाला बरोबर सातच वर्षं लागली ती यामुळे. अंबाजोगाईच्या न्यायाधीशांनी कायद्यानं परवानगी दिलेली सगळ्यात कमी शिक्षा दिली आहे, हे गावात कोणी सांगितलं नसेल.

हे कलम 'वापरणारा' असा शब्द धरून चालतं. सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्ये यात दोन गोष्टी सांगितल्या. पहिली तुमच्या विरुद्ध जाते: हत्यार मारलंच पाहिजे असं नाही, समोरच्याच्या डोळ्यांपुढे नाचवून धाक दाखवला तरी तो वापरच. म्हणजे कोयता लागला नाही, रक्त निघालं नाही, हा मुद्दा घेऊन वकिलाचा वेळ खाऊ नका. दुसरी तुमच्या बाजूची: 397 त्यालाच लागतं ज्यानं स्वतः हत्यार वापरलं. सोबत असलेल्याला 'सगळ्यांचा इरादा एकच' असं म्हणून, म्हणजे 34 कलमाच्या जोरावर, 397 खाली ओढता येत नाही. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा सांगितलं. मग गाडी चालू ठेवून हँडल धरून बसलेल्या माणसाला 397 कसं लागलं? निकालात त्याचं कारण दिलं आहे का, हे तुमच्या वकिलानं पहिल्यांदा शोधायचं. भावाच्या हातातही काही होतं असं फिर्यादी कुठे बोलला असेल, तर चित्र बदलेल. म्हणून मी नुसत्या तुमच्या शब्दावर 'सुटला' म्हणणार नाही.

397 गळालं तरी 392 राहू शकतं, कारण लुटीत साथ दिल्याबद्दल 34 कलम तिथे लागतं. पण सात वर्षांचं कुंपण मोडतं. मग वय, आधी गुन्हा नसणं, आतापर्यंत काढलेली शिक्षा हे सगळं कोर्ट मोकळेपणानं पाहू शकतं. खटला चालू असताना जामीन मिळण्याआधी तो किती महिने आत होता ते तुम्ही लिहिलं नाही. तेही दिवस शिक्षेतून वजा होतात. निकालाच्या शेवटच्या पानावर तशी ओळ आहे ना, बघा. नसेल तर ती मागून घेता येते.

कोयत्याबद्दल एक बाजूची गोष्ट. आपल्या बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यालाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम माणसं तशीच मोजतो. तुमच्या तालुक्यात ज्या घरात कोयता सापडणार नाही असं घर शोधावं लागेल. म्हणून दुसऱ्या आरोपीच्या घरून कोयता जप्त झाला असेल, तर तो कोर्टात फिर्यादीला दाखवून 'हाच का?' असं विचारलं होतं का, आणि त्यानं तो कशावरून ओळखला, हे साक्षीत पाहायला सांगा. नुसता कोयता सापडणं हा आपल्याकडे फार मोठा पुरावा मानू नये, असं माझं मत.

तुमची वीस माणसं. तुम्ही ती गोळा करून ठेवली आहेत हे वाचून वाईट वाटलं, कारण त्यांना आता कोणी ऐकणार नाही. अपील म्हणजे नव्यानं खटला चालत नाही. उच्च न्यायालयात साक्षीदारांचा पिंजरा नसतो. तिथे अंबाजोगाईहून रेकॉर्ड येतं: फिर्याद, जबाब, उलटतपास, पंचनामे, निशाणी पडलेला, म्हणजे कोर्टानं पुराव्यात क्रमांक दिलेला, प्रत्येक कागद. न्यायाधीश तेच वाचतात आणि दोन्ही वकील त्यावरच बोलतात. त्या ढिगात जे नाही ते घडलंच नाही असं समजून चाला. अपिलात नवा पुरावा घेण्याचं एक कलम आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 391 आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 432, पण 'त्या वेळी सुचलं नाही' एवढ्या कारणावर ते सहसा उघडत नाही. आपण दुसरीकडे होतो हे दाखवायचं ओझं आरोपीवर असतं, आणि ती माणसं खटल्यातच उभी करायला हवी होती. खालच्या वकिलानं का केली नाहीत? त्यांना विचारा, पण भांडू नका. कधी कधी वकिलाला माहीत असतं की वीसपैकी तिघांना उलटतपासात तारीखही सांगता येणार नाही. मात्र 313 च्या जबाबात, म्हणजे न्यायाधीशांनी शेवटी भावाला थेट प्रश्न विचारले तेव्हा, त्यानं गोंधळाचं सांगितलं होतं का, ते नक्की पाहा. ती ओळ असेल तर रेकॉर्डवर आहे.

रेकॉर्ड वाचणं म्हणजे काय ते एका जुन्या कामावरून सांगते. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते आणि तिचं इंग्रजीही लिहिलं जातं. वर वाचलं जातं ते बहुतेक इंग्रजी. एका लुटीच्या अपिलात इंग्रजी साक्षीत लिहिलं होतं की लुटणाऱ्यांनी साक्षीदाराचं तोंड बांधलं. वर्षभर आम्ही सगळे तसंच धरून चाललो. मग एका दुपारी मी मूळ मराठी पान काढलं. साक्षीदार म्हणाला होता, "त्यांनी तोंड बांधलेलं होतं." आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, उन्हात निघताना स्कार्फनं तोंड बांधतात ते. म्हणजे लुटणाऱ्यांचे चेहरे झाकलेले होते, आणि त्याच माणसानं पुढे परेडीत त्यांना चेहऱ्यावरून ओळखलं होतं! एका क्रियापदाच्या भाषांतरात अख्खा बचाव गाडला गेला होता. तेव्हापासून मी मराठी पान पाहिल्याशिवाय इंग्रजीवर विश्वास ठेवत नाही. तुमच्या वकिलालाही हेच सांगा. त्यांना राग आला तर येऊ द्या.

तुमच्या भावाच्या कामात ओळख हाच कणा दिसतो. नोव्हेंबरात बीडकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. सव्वासातला, गावाबाहेरच्या रस्त्यावर, मिट्ट काळोख. मग फिर्यादीला उजेड कशाचा होता? त्याच्या गाडीच्या दिव्याचा? तो दिवा कोयतेवाल्यावर पडत असेल, गाडीवरच बसून राहिलेल्या चालकावर पडत होता का? भावाच्या डोक्यावर हेल्मेट, टोपी, मफलर काही होतं का? फिर्यादीनं पहिल्या जबाबात दोघांचं वर्णन दिलं होतं की नुसतंच 'दोन अनोळखी इसम'? हे प्रश्न मी विचारते आहे पण उत्तरं तुमच्याकडून नकोत, ती निशाणी पडलेल्या फिर्यादीत आणि उलटतपासात असली पाहिजेत.

ओळख परेड घेतात कार्यकारी दंडाधिकारी, आपल्याकडे बहुतेक नायब तहसीलदार. पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं. एक संशयित असेल तर सारख्या वयाची, सारख्या अंगकाठीची निदान पाच-सहा माणसं सोबत उभी करायची. अटक केल्यापासून परेडीपर्यंत आरोपीचं तोंड साक्षीदाराला दिसू नये म्हणून त्याला बुरखा घालून नेतात. या सगळ्याचा अर्थ एकाच गोष्टीवर टिकून असतो: साक्षीदारानं त्याला गुन्ह्यानंतर पहिल्यांदा परेडीतच पाहिलं पाहिजे. इथे दुसऱ्याच दिवशी फोटो मोबाइलवर फिरला आणि परेड दीड महिन्यानं. फोटो फिर्यादीनं पाहिला होता का, हा प्रश्न उलटतपासात विचारला गेला असेल आणि तो 'हो' म्हणाला असेल, तर परेड जवळजवळ संपली. विचारलाच नसेल, तर आज तुम्ही शंभर स्क्रीनशॉट दाखवलेत तरी उपयोग कमी. शिवाय परेड हा फक्त जोडपुरावा असतो. खरी ओळख ती, जी साक्षीदार कोर्टात बोट दाखवून करतो. दोन्ही डळमळीत असतील तर शिक्षा टिकणं अवघड.

अशा ओळखीवर काय काय होऊ शकतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2003 मधल्या एका दरोडा आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये कायम केली, आणि सरकारच्या अपिलावर उरलेल्या तिघांची जन्मठेपही फाशीत बदलली. 2019 मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कारणांतलं एक असं, की वाचलेल्या साक्षीदारानं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि तो धागा तपासात दाबून टाकला गेला. कागद होता, पण नीट वाचायला सोळा वर्षं लागली.

पेटीतले नऊ हजार. नोटांना नाव नसतं. पिशवी, पावतीपुस्तक, टॅब, असं काही त्या हप्ते गोळा करणाऱ्याचं तुमच्या घरून निघालं असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या नोटा असतील आणि त्या कशावरून लुटीतल्या हे कोणी सांगितलं नसेल, तर तो पुरावा पातळ. पण दोन गैरसमज काढा. पंच फितूर झाला म्हणून जप्ती आपोआप रद्द होत नाही, तपास अधिकाऱ्याची साक्ष पक्की असेल तर कोर्ट तिच्यावरही विश्वास ठेवतं. आणि शेळ्या विकल्याचं आज सांगून भागत नाही, तेही खटल्यात यायला हवं होतं. कधी कधी उच्च न्यायालय लुटीत सहभाग सिद्ध नाही पण चोरीचा माल जवळ सापडला असं म्हणून 392 ऐवजी 411 वर आणतं. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. ते सुटणं नव्हे, पण घरी येणं असू शकतं.

बाकी प्रश्न झटपट. भावानं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढत नाही. ती वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, किंवा कोर्टाला आधी नोटीस देऊन भावाचं ऐकून घ्यावं लागतं. गावातल्या पारावर याच्या उलट सांगणाऱ्यांनी कुठल्या अपिलात वाढलेली पाहिली ते विचारा. फिर्यादीच्या मामाला एक रुपया देऊ नका. जबरी चोरी आपसात मिटवता येत नाही, आणि शपथेवर साक्ष देऊन झालेल्या माणसानं आता उलटं लिहून दिलं तर कोर्ट विचारणार, हे कशाच्या बदल्यात? मग तुमच्यावरच वेगळं बालंट. साडेतीन लाखवाल्याबद्दल मी शाई वाया घालवत नाही.

उचल मात्र गंभीर प्रश्न आहे. ताई, पैशापेक्षा तुमच्या पायांचा विचार करा. उचल घेतलीत की दिवाळीपासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तुम्ही दोघं सातारा-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात फडावर. इकडे नक्कल कोण आणणार, जामीनदार कोण शोधणार, हर्सूलला भेटीला कोण जाणार? कर्जही फिटत नाही आणि कामही होत नाही, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. यंदा ज्या कामासाठी पैसा घ्याल त्याच कामापासून तो पैसा तुम्हाला लांब नेईल.

आणि पैशाची एवढी गरजच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. भावाला तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. अपिलासाठी अर्ज उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे, औरंगाबाद खंडपीठाच्या आवारात. हर्सूलमधूनही हा अर्ज भरून देता येतो. तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समितीही कागद पुढे पाठवते. फोन करायचा तर 15100. 'फुकटचा वकील काय लढणार' ही तुमच्या पत्रातली नाही, पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी तुम्हाला ऐकवेलच अशी ओळ आहे. काही वकील वाईट असतात, पैसे घेऊनही असतात. फुकटच्या वकिलालाही कोयत्याची ओळ दाखवली तर तो ती वाचेलच. वकील बदलून मागायचा अर्जही करता येतो.

खंडपीठ संभाजीनगरला जालना रोडवर आहे. 1981 पर्यंत मराठवाड्यातल्या माणसाला यासाठी मुंबई गाठावी लागायची, आता एसटीनं सकाळी निघून काम करून परतता येतं. तुमच्या गावातल्या एखाद्याला शिक्षा लागली त्याच दिवशी अंबाजोगाईतच जामीन मिळाला असेल, तर तुमच्या मनात शंका येईल. खालचं कोर्ट शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तरच अपिलासाठी सोडू शकतं. सात वर्षांची शिक्षा थांबवायचा अधिकार वरच्या कोर्टालाच.

म्हणून अपिलासोबतच शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्यायचा, जुनं 389, नवं 430. अपिलाच्या अंतिम सुनावणीला वर्षं लागतात. सात वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर निर्दोष ठरण्यात काय राम? सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये जबरी चोरीतल्याच दहा वर्षांच्या शिक्षेच्या प्रकरणात म्हटलं आहे की ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर काही खास अडचण नसताना स्थगितीचा अर्ज उदारपणे पाहावा. तुमच्या भावानं खटल्यात एकही तारीख चुकवली नाही, हा या अर्जातला सगळ्यात वजनदार मुद्दा. दंडाचे पाच हजार जमतील तसे लवकर भरा आणि पावती जपा. दंड भरला म्हणजे गुन्हा मान्य केला असं होत नाही, पण भरला नाही तर त्याबदल्यातली कैद वेगळी मोजली जाते, आणि जामिनाच्या वेळी पावती कामाला येते.

जामीन झाला तरी माणूस त्याच दिवशी बाहेर येत नाही. वरचा आदेश घेऊन बंधपत्र बहुतेक वेळा अंबाजोगाईच्याच कोर्टात भरायचं असतं. तिथे जामीनदार लागतो: 7/12, 8-अ, आधार, आणि मागितलाच तर तहसीलचा ऐपतीचा दाखला. आदेश हातात असून जामीनदार नाही म्हणून तीन-तीन आठवडे आत बसलेले मी पाहिले आहेत. ज्या वीस माणसांना साक्ष द्यायची होती, त्यांच्यातला ज्याच्या नावावर कोरडवाहू का होईना दोन एकर आहे तो शोधा. त्याच्या कामाला आता वेळ आहे.

उद्या अंबाजोगाईच्या कोर्टात नकलेचा अर्ज द्या: निकाल, सगळ्या साक्षी मराठी-इंग्रजी दोन्ही, फिर्याद, परेडीचा पंचनामा, जप्तीचे पंचनामे, 313 चा जबाब. परवा हर्सूल. वकीलपत्रावर भावाची सही तुरुंगातच घ्यायची असते आणि अधीक्षकांचा शिक्का लागतो, त्यामुळे कोरं वकीलपत्र सोबत न्या. जे मिळेल त्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद आईच्या त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवा. कोणी कितीही ओळखीचा असो, मूळ प्रत मागितली तर झेरॉक्स द्या. मलाही झेरॉक्सच पाठवा.